पिस्तूल घ्यावें तें कोणतें?

अलीकडे आपल्या घरांतून एक नवाच प्रश्न निघूं लागला आहे. मुलांनीं खेळाचें साहित्य मागावें आणि वडीलधाऱ्यांनीं तें ऐपतीप्रमाणें आणून द्यावें, ही रीत जुनीच. परंतु तें साहित्य म्हणजे आजवर बॅट, रॅकेट, फार झालें तर सायकल. आतां सोळा-सतरा वर्षांची कन्या महाविद्यालयांतून घरीं येते आणि सांगते कीं, "मला नेमबाजीसाठीं स्वतःचें पिस्तूल हवें." हें ऐकून आजीबाई वाती वळतां वळतां थांबतात आणि काका वर्तमानपत्र खालीं ठेवतात. तथापि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर ही मागणी हंसून वाटेस लावण्याचे दिवस राहिले नाहींत. त्या ऑलिंपिकमध्यें मनु भाकर हिनें पिस्तुलाच्या नेमबाजींत दोन कांस्यपदकें मिळविलीं, त्यांतील एक सरबज्योत सिंग याच्या जोडीनें. आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यानें रायफलच्या तीन आसनांच्या प्रकारांत आणखी एक कांस्यपदक आणलें. कुसाळे हा मध्य रेल्वेच्या नोकरींत वाढलेला खेळाडू. मध्य रेल्वेच्या गाड्यांनीं रोज ये-जा करणाऱ्या कळवेकरांस ही गोष्ट विशेष जवळची वाटावी.

मुलीस नेमबाजी शिकवावी कीं नाहीं, याचा निर्णय ज्या त्या कुटुंबानें करावा. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच्या पुढचा आहे. शिकवावयाचें ठरलें, तर पिस्तूल घ्यावें तें कोणतें? समजा, ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरीं कळव्यास दोन भावांचें एकत्र कुटुंब आहे. थोरले ठाणें-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यांतून निवृत्त झालेले, धाकटे मुंबईस नोकरी करणारे. काकांचें म्हणणें असें कीं, वस्तु आयुष्यांत एकदांच घ्यावयाची, तर ती परदेशची, उत्तमांतील उत्तम, मुलीच्या हाताच्या मापानें मूठ कोरून घेतलेली अशीच घ्यावी. मग दीड-दोन लाख रुपये गेले तरी चालतील. वडिलांचें म्हणणें असें कीं, कांहीं हजारांत देशी पिस्तूल मिळतें, शिकण्यास तेवढें पुष्कळ. शिवाय पुतण्याची महाविद्यालयाची फी जूनमध्यें भरावयाची आहे. दोघांचेंही बोलणें मायेचेंच आहे. परंतु मायेनें हिशेब सुटत नाहीं. पिस्तुलासाठीं दिलेला रुपया त्याच्या कोणत्या भागांत जातो, हें समजल्यावांचून या वादाचा निकाल लागावयाचा नाहीं.

एके काळीं पिस्तूल ही मागणीबरहुकूम घडवावयाची वस्तु होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनांत जोसेफ मॅंटन याच्यासारखे कारागीर उमरावांसाठीं पिस्तुलांच्या जोड्या घडवीत. नळी, चाप, लांकडी दस्ता, सर्व कांहीं कानशीनें घासून एकमेकांत बसविलेलें असे. एका पिस्तुलाचा स्क्रू दुसऱ्यास बसेल याची हमी नसे. म्हणून मोडलें कीं पुन्हा त्याच कारागिराच्या दारीं जावें लागे. सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन कारखानदारानें यंत्रांवर तयार केलेलीं आपलीं रिव्हॉल्व्हरें १८५१ सालीं लंडनच्या प्रसिद्ध महाप्रदर्शनांत मांडलीं. एकाच मापाचे भाग यंत्रानें पाडावे आणि ते जोडून शस्त्र उभें करावें, हा विचार लोकांस पटूं लागला. पुढें जॉन ब्राउनिंग याच्या कल्पनेवरून बेल्जममधील लीज शहरानजीक हेर्स्टाल येथील कारखान्यानें १९०० च्या सुमारास खिशांत मावणारें आपोआप भरणारें पिस्तूल लाखांच्या संख्येनें बनविलें. उमरावांची वस्तु सामान्य माणसाच्या हातीं आली ती अशी.

या बदलाचा एक धागा थेट आमच्या ठाण्यापर्यंत येऊन पोंचतो. १९०९ सालीं विनायक दामोदर सावरकर यांनीं लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलें चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यांतून हिंदुस्थानांत पाठविलीं. त्याच वर्षीं २१ डिसेंबर रोजीं नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा विजयानंद नाट्यगृहांत वध झाला, आणि त्यांत वापरलेलें पिस्तूल त्या विसांपैकीं असल्याचें खटल्यांत पुढें आलें. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तिघां तरुणांस १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. कळव्याच्या पुलावरून ठाण्यास जाणाऱ्या प्रवाशास तो तुरुंग कांहीं दूर नाहीं. वीस शस्त्रें एकाच वेळीं, एकाच मापाचीं, एकाच पेटींतून येऊं शकलीं, ती कारखान्याची करामत होती. मॅंटनच्या हातच्या वीस पिस्तुलांस कोण्या एका माणसाचें आयुष्यभराचें धन पुरलें नसतें. पिस्तूल ही क्रीडांगणावर आली तरी खेळणें नव्हे, हेंही या स्मरणानें मनावर ठसावें.

कारखान्यानें हाताची कारागिरी किती मागें टाकली, याचें अलीकडील उदाहरण ऑस्ट्रियाचें आहे. १९८२ सालीं त्या देशाच्या सैन्यानें ग्लॉक नांवाचें पिस्तूल पसंत केलें. त्याची चौकट पोलादाची नसून प्लॅस्टिकची होती. तें दिसावयास ओबडधोबड, परंतु भाग थोडे, वजन कमी आणि खात्री दांडगी. पुढें जगांतील पुष्कळ पोलीसदलांनीं तें घेतलें. अमेरिकेंत मात्र आजही १९११ सालच्या जुन्या कोल्ट पिस्तुलाच्या धर्तीवर, एकेक भाग हातानें घासून बसविलेलीं पिस्तुलें मागवून घेणारे हौशी लोक आहेत, आणि ते त्यासाठीं साध्या पिस्तुलाच्या अनेक पट किंमत मोजतात. अशा पिस्तुलाचा चाप लोण्यासारखा हलतो, हें खरें. परंतु ज्यास तो हलका चाप वापरतां येत नाहीं, त्याच्या हातीं त्या किमतीचा बहुतेक भाग शोभेपुरताच राहतो. आपल्या देशांतही याच जातीचा मोह आहे. खाजगी व्यक्तींनीं परदेशांतून पिस्तुलें आणण्यावर १९८० नंतरच्या दशकांत बंदी आली, आणि तेव्हांपासून पूर्वींच्या आयात केलेल्या जुन्या पिस्तुलांस देशी नव्या रिव्हॉल्व्हरांहून कितीतरी अधिक भाव येऊं लागला. येथें भाव शस्त्राच्या गुणाचा नसून दुर्मिळपणाचा आहे.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. नवशिक्या मुलीच्या हातीं येतें तें हवाई पिस्तूल. त्यांत दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर साडेचार मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो. हा प्रकार १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्यें आहे. त्याचे नियम नेमके आहेत. लक्ष्य दहा मीटरवर. नेम एकाच हातानें धरावयाचा. पिस्तुलाचें वजन दीड किलोहून अधिक नसावें. चाप ओढण्यास निदान पांचशें ग्रॅमचा जोर लागावा. आणि सर्व पिस्तूल ४२० मिलिमीटर लांब, २०० उंच व ५० रुंद अशा पेटींत मावावें. स्पर्धेंत साठ गोळ्या मारावयाच्या असतात. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षांही लहान. नऊ गुणांच्या वर्तुळाचा साडेसत्तावीस.

या दोन आंकड्यांत काकांच्या व वडिलांच्या वादाचें उत्तर दडलेलें आहे. समजा, एक स्वस्त स्प्रिंगचें पिस्तूल शिकंज्यांत घट्ट आवळून, हात न लावतां, त्यांतून दहा मीटरवर दहा छर्रे मारले, आणि ते तीस-चाळीस मिलिमीटरच्या घेरांत विखुरले. याचा अर्थ असा कीं, मुलीनें नेम अगदीं बिनचूक धरला तरी छर्रा दहावर पडेल कीं आठावर, हें पिस्तूलच ठरविणार. मग आपला हात कांपला कीं नळी खोटी निघाली, हें तिला कधींच कळणार नाहीं. चूक कोणाची हें ज्यास कळत नाहीं, तो शिकूं शकत नाहीं. म्हणून वडिलांचा काटकसरीचा मार्ग फार खालीं नेला, तर तो पैसा वायांच जातो. पिस्तूल हें शिकणाऱ्यापेक्षां अधिक खरें असलें पाहिजे, हा या निवडीचा पहिला नियम होय.

परंतु याच नियमाची दुसरी बाजू काकांनीं ऐकावी. उत्तम बनावटीचें स्पर्धेचें पिस्तूल शिकंज्यांतून मारलें असतां त्याचे छर्रे जवळजवळ एकाच भोकांतून जातात. त्याहून अधिक किमतीच्या पिस्तुलाचें भोंक आणखी लहान पडावयास जागाच उरत नाहीं! मग वरचे पन्नास हजार कशासाठीं? बहुधा विजेवर चालणाऱ्या चापासाठीं, झटका शोषून घेणाऱ्या योजनेसाठीं, वजन मागेंपुढें सरकविण्याच्या सोयीसाठीं. या सोयी खोट्या नाहींत. पण ज्यास त्यांचा फरक जाणवतो, त्यानेंच त्या घ्याव्या. एके काळीं रशियांतील इझेव्हस्क येथील आयझेडएच-४६ हें पिस्तूल जगभर नवशिक्यांच्या हातीं असे. प्रत्येक गोळीस तरफ ओढून हवा भरावी लागे, रूप राकट, किंमत थोडी. परंतु नळी खरी. त्यावर शिकलेल्यांस पुढें महाग पिस्तूल हातीं धरतांना कांहीं विसरावें लागलें नाहीं.

मग मागणीबरहुकूम घडविण्याजोगें पिस्तुलांत कांहींच उरलें नाहीं काय? उरलें आहे, आणि तें फार महत्त्वाचें आहे. तें म्हणजे मूठ. नळी, झडप, चाप हीं यंत्रानें माणसापेक्षां चांगलीं होतात. ज्यांनीं लेथवर हजारांश इंचाचीं मापें सांभाळीत उमेदी घालविली, त्या कळव्याच्या जुन्या कामगारांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पण कोणत्याही दोन माणसांचा पंजा सारखा नसतो, आणि कारखाना प्रत्येकाचा पंजा पाहूं शकत नाहीं. स्पर्धेच्या पिस्तुलांस अक्रोडाच्या लांकडाची मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते. तिला घरीं कानशीनें घासतां येतें, आणि जेथें पोकळी राहते तेथें लांकडाचें भरण लावून ती बुजवितां येते. या कामास अनुभवी शिक्षकाची नजर, चार दिवसांचा वेळ व थोडासा खर्च लागतो. मूठ नीट बसली कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे. डोळे मिटून हात लक्ष्याच्या दिशेनें उचलावा, श्वास सोडावा, मग डोळे उघडावे. पुढची माशी मागच्या खांचेंत बरोबर मधोमध दिसली, तर मूठ हाताची झाली. ती दर वेळीं एकाच बाजूस सरकलेली दिसली, तर मनगट नव्हे, मूठ सुधारावयास हवी.

मुठीचें व अभ्यासाचें महत्त्व पटविणारें एक जुनें उदाहरण हंगेरीच्या कारोली टकाच याचें आहे. १९३८ सालीं सैन्यांत असतां हातबाँबच्या स्फोटानें त्याचा उजवा हात जायबंदी झाला. आणि तोच त्याचा नेमाचा हात होता. त्यानें डाव्या हातानें पुन्हा पहिल्यापासून शिकण्यास आरंभ केला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें व पुन्हा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें त्यानें जलद नेमबाजीचें सुवर्णपदक जिंकलें. बाजारांतून नवा उजवा हात आणण्याची सोय नव्हती. जी होती ती डाव्या हाताला वळण लावण्याची.

उलट, उत्तमांतील उत्तम पिस्तूलही ऐन वेळीं कसें दगा देतें, हें २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्यें दिसलें. पात्रता फेरी चालू असतांना मनु भाकरच्या पिस्तुलांत बिघाड झाला, दुरुस्तींत बहुमोल वेळ गेला, आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानीं राहिली. अंतिम फेरी केवळ दोन गुणांनीं हुकली. तीच मुलगी तीन वर्षांनीं पॅरिसहून पदकें घेऊन आली. त्याच पॅरिसमध्यें तुर्कस्तानचा एक्कावन्न वर्षांचा युसुफ दिकेच हा साधा चष्मा लावून, एक हात खिशांत ठेवून उभा राहिला, आणि शेव्हाल तारहानच्या जोडीनें रौप्यपदक जिंकून गेला. पुष्कळांनीं त्यावरून समज करून घेतला कीं, साहित्याचें कांहींच महत्त्व नाहीं. तो समज चुकीचा आहे. त्याच्या हातीं पिस्तूल स्पर्धेचेंच होतें. त्यानें टाकली ती डोळ्यावरील झांपड व भिंगांची सामग्री. नळींत त्यानें काटकसर केली नव्हती. खर्च कोठें करावा व कोठें करूं नये, याचा हा उत्तम धडा आहे.

खर्च करावा तो अभ्यासावर. रोज एका स्पर्धेइतक्या साठ गोळ्या, महिन्यांतून पंचवीस दिवस, असा अभ्यास धरला तर वर्षाचे अठरा हजार छर्रे होतात. पांचशेंच्या डब्यानें मोजले तर छत्तीस डबे. त्यांत प्रशिक्षकाची फी, आणि वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर जावयाचें झाल्यास कळव्याहून दादरपर्यंत लोकल व पुढचा प्रवास, हें मिळवावें. ज्या कुटुंबानें पहिल्याच दिवशीं सर्व पैसा पिस्तुलांत घातला, त्यास दुसऱ्या वर्षीं डबे मोजून द्यावे लागतात, आणि महागाचें पिस्तूल कपाटांत पडून राहतें. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिनें २०१३ सालीं कोरियांतील चांगवोन येथें विश्वचषकाचें सुवर्णपदक मिळविलें, आणि २०१८ च्या आशियाई खेळांत पंचवीस मीटर पिस्तुलाच्या प्रकारांत थायलंडच्या स्पर्धकाशीं बरोबरी झाल्यावर जादा फेऱ्यांत जिंकून सुवर्णपदक आणलें. दोघींच्याही हातीं त्या क्षणीं उत्तमच पिस्तुलें होतीं. तेथें निकाल लावला तो मागील कित्येक वर्षांच्या गोळ्यांनीं.

तेव्हां क्रम असा ठेवावा. पहिले सहा-आठ महिने क्लबच्या पिस्तुलावरच शिकावें. त्या अवधींत मुलीची आवड टिकते कीं विझते, हेंही कळतें. आवड टिकली, तर मधल्या मार्गानें जावें. वरच्या पायरीवर गेलेले खेळाडू आपलें जुनें स्पर्धेचें पिस्तूल विकतात. तें घेतांना एक गोष्ट विसरूं नये: हवेच्या नळकांड्यावर त्याच्या बनावटीची तारीख कोरलेली असते व त्याचें आयुष्य निर्मात्यानें ठरवून दिलेलें असतें. मुदत संपलेलें नळकांडें वापरणें धोक्याचें असून स्पर्धेंतही चालत नाहीं. नवें घ्यावें लागणार असेल, तर तो खर्च किमतींतून वजा करून मगच सौदा करावा. नंतर मूठ हातास बसवून घ्यावी. मुलगी राज्यस्तरावर पोंचली आणि शिक्षकांनीं सांगितलें कीं आतां हिचा हात पिस्तुलाच्या पुढें गेला, तर त्या दिवशीं काकांनीं आनंदानें थैली सोडावी. देशी मालही कमी लेखूं नये. आमच्या ठाणें जिल्ह्यांतच अंबरनाथ येथें खोल नळ्या कोरण्याच्या यंत्रांचा व्यवसाय करणाऱ्या प्रिसिहोल या समूहानें हवाई रायफली बनविण्यास आरंभ केला आहे. जेथें नळी कोरण्याची विद्या आहे, तेथें पुढें सर्व कांहीं होऊं शकतें.

शेवटीं घरांतील व्यवस्थेविषयीं दोन शब्द. साडेचार मिलिमीटरच्या, ठरावीक मर्यादेंतील जोराच्या हवाई पिस्तुलास परवाना लागत नाहीं. परंतु दारूचें ०.२२ पिस्तूल १९५९ च्या शस्त्र-कायद्याखालीं येतें, आणि ठाणें, कळवा, कल्याण, डोंबिवली या भागांत त्याचा अर्ज ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयांत करावा लागतो. परवाना नको म्हणून काळजीही नको, असें मात्र नाहीं. हवाई पिस्तुलाचा छर्रा जवळून लागला तर डोळा कायमचा जातो. एकत्र कुटुंबांत पांच वर्षांचें पोरही असतें आणि सुटींत आलेले भाचेही असतात. म्हणून पिस्तूल नेहमीं कुलपाच्या पेटींत, छर्रे दुसऱ्या कपाटांत आणि किल्ली एकाच वडीलधाऱ्याकडे असावी. घरीं सराव करावयाचा तो छर्रा न भरतां, कोऱ्या भिंतीसमोर, दार लावून. हा कोरडा सराव नामांकित खेळाडूही नित्य करतात आणि त्यास दमडीही लागत नाहीं. नळीचें तोंड चुकूनही माणसाकडे वळूं नये, पिस्तूल रिकामें आहे हें प्रत्येक वेळीं उघडून पाहावें आणि लक्ष्यावर नजर स्थिरावेपर्यंत बोट चापाबाहेर असावें. या तीन संवयी ज्या मुलीच्या अंगीं बाणल्या, तिच्या हातीं स्वस्त पिस्तूलही निर्धास्तपणें द्यावें. ज्या घरांत त्या नाहींत, तेथें महागाचेंही आणूं नये.